रॉरी गॅलहर शिकताना: करंगळीखालचा नॉब आणि उतरवलेल्या तीन तारा

मंडळी, आयरिश ब्लूज-रॉक गिटारवादक रॉरी गॅलहरचं 'अ मिलियन माइल्स अवे' आता गिटारवर पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत न थांबता वाजतंय. लय टिकते, बेंड (तार ताणून चढवलेले सूर) सुरात लागतात. मधला शांत भाग मात्र अजून मनासारखा होत नाही, आणि गाण्याचा जीव तर तिथेच आहे. त्यामुळे या वेळची नोंद बरीचशी त्या भागाबद्दल.

हे गाणं १९७३ च्या 'टॅटू'मधलं आहे, पण मी 'आयरिश टूर ७४' या लाइव्ह अल्बममधलं बसवतोय. जानेवारी १९७४ मध्ये बेलफास्ट, डब्लिन आणि कॉर्क इथल्या कार्यक्रमांत त्या अल्बमचं रेकॉर्डिंग झालं. त्या काळात उत्तर आयर्लंडमध्ये बॉम्बस्फोट आणि गोळीबार रोजचे होते, बाहेरचे बहुतेक बँड बेलफास्टकडे फिरकत नव्हते. रॉरी मात्र तिथे जात राहिला. बेलफास्टच्या अल्स्टर हॉलमधल्या श्रोत्यांचा आवाज ऐकला की कळतं, लोक त्याची किती वाट बघत होते. बेसवर गेरी मॅकअ‍ॅव्हॉय, ड्रम्सवर रॉड डी'अ‍ॅथ, कीबोर्डवर लू मार्टिन. माझ्या मते रॉरीची सगळ्यात एकजीव संगत हीच.

आता मूळ मुद्दा. मधल्या भागात बँड खाली येतो, रॉरी अगदी हलक्या हाताने वाजवायला लागतो, आणि मग हळूहळू तोच सूर धारदार होत जातो. मला आधी वाटायचं, पायाखाली आवाज बदलणारी चारदोन पेडल असणार. बारकाईने ऐकलं आणि कार्यक्रमाचं चित्रण पाहिलं, तर बरंचसं काम उजव्या हाताचं आहे. त्याच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारचा व्हॉल्यूमचा नॉब ब्रिजला (तारा जिथे टेकतात ती पट्टी) इतका जवळ असतो, की पिक धरलेल्या हाताची करंगळी सहज त्यावर पोचते. सुरुवातीच्या वर्षांत रॉरीची जोडणी अगदी साधी होती: गिटार, डॅलस रेंजमास्टर ट्रेबल बूस्टर (अँपकडे जाणारा आवाज वाढवणारी छोटी पेटी) आणि व्हॉक्स एसी-थर्टी हा अँप. रेंजमास्टरमध्ये एकच जर्मेनियम ट्रान्झिस्टर. नॉब पूर्ण उघडला की अँप ओरडतो. तोच निम्म्यावर आणला की आवाज बसत नाही, उलट काचेसारखा स्वच्छ होतो. दोन्ही टोकं एकाच नॉबवर.

माझ्याकडे छोटा ट्यूब अँप आहे आणि पुढे जर्मेनियमवाला बूस्टर लावलाय. सध्याचा रियाज असा: एकच चार सुरांचा लिक (छोटी सुरावट) घ्यायचा, नॉब तीनवर ठेवून सुरू करायचा आणि प्रत्येक फेरीला करंगळीने थोडा उघडत न्यायचा. यात पिकचा जोर वाढता कामा नये, आणि हे वाटतं त्यापेक्षा फार अवघड आहे. आवाज वाढला की मनगटही आपोआप जोर लावतं. आता सातवर पोचेपर्यंत हात शांत राहतो, पुढे अजून नाही. दुसरी गोष्ट पिंच हार्मोनिकची. पिकमागून अंगठ्याची कड तारेला निसटती लागली की सूर किंचाळतो. रॉरी हे ओळीच्या शेवटी, श्वास संपता संपता करतो. ती जागा आता साधतेय.

हा हात कुठून आला, हे समजायला त्याचं सुरुवातीचं आयुष्य बघायला हवं. जन्म २ मार्च १९४८, डोनेगॉल परगण्यातलं बॅलीशॅनन. वडील तिथल्या जलविद्युत प्रकल्पाच्या बांधकामावर होते आणि अ‍ॅकॉर्डियन वाजवायचे. बालपण आधी उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरात, मग कॉर्कमध्ये. पंधराव्या वर्षी, १९६३ साली, तो फोंटाना शोबँडमध्ये शिरला. शोबँड म्हणजे डान्स हॉलमध्ये तासन्‌तास चालू गाणी वाजवणारे सूटबूटवाले वाद्यवृंद. रॉरीला ब्लूज वाजवायचा होता, पण हात तयार झाला तो तिथेच. त्याच वर्षी कॉर्कमधल्या क्राउलींच्या दुकानातून त्याने १९६१ ची सनबर्स्ट स्ट्रॅट घेतली. जवळपास शंभर पौंडांना, हप्त्यांवर. पुढे डब्लिनमध्ये ती चोरीला गेली आणि काही दिवसांनी पावसात भिजलेली, एका खड्ड्यात सापडली. रंग उडत गेला, खुंट्या बदलल्या, फ्रेट (मानेवरच्या धातूच्या पट्ट्या) अनेकदा नव्याने घातले, पण रॉरीने ती कधी सोडली नाही. २०२४ मध्ये लंडनच्या लिलावात ती विकली गेली आणि आता आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे आहे. मनापासून आनंद झाला, कारण ती कोणाच्या तिजोरीत गेली असती तर फार वाईट वाटलं असतं.

रॉरीच्या 'टेस्ट' या त्रिकुटाबद्दल थोडक्यात: १९६६ मध्ये कॉर्कला सुरुवात, १९६८ मध्ये 'क्रीम' या गाजलेल्या ब्रिटिश बँडच्या निरोपाच्या कार्यक्रमात आधी वाजवण्याचा मान, १९७० चा आइल ऑफ वाइट महोत्सव आणि त्याच वर्षाच्या अखेरीला शेवट. १९७१ पासून तो स्वतःच्या नावाने वाजवू लागला. 'मेलडी मेकर' या ब्रिटिश संगीत साप्ताहिकाच्या वाचकांनी त्याला वर्षातला सर्वोत्तम गिटारवादक ठरवलं, तरीही ब्रिटनमध्ये सिंगल (सुट्या गाण्याची रेकॉर्ड) काढायला तो तयार नसायचा. गाणं छाटून तीन मिनिटांत बसवणं त्याला मान्य नव्हतं. 'अ मिलियन माइल्स अवे' वाजवायला घेतलं की त्याचं म्हणणं पटतं. त्यातला शांत भाग काढला तर उरतं काय?

दुसरं काम चालू आहे ते १९७५ च्या 'अगेन्स्ट द ग्रेन'मधल्या 'आउट ऑन द वेस्टर्न प्लेन'चं. गाणं अमेरिकन ब्लूज गायक लेड बेलीचं, पण रॉरीने त्याला आयरिश अंगाने नेलंय. ट्यूनिंग डी-ए-डी-जी-ए-डी, म्हणजे नेहमीच्या ट्यूनिंगमधून सहावी, दुसरी आणि पहिली अशा तीन तारा एकेक पूर्ण स्वर खाली. ज्यांचा कान आपल्या संगीतावर तयार झालाय त्यांना हे पटकन उमगेल: डी ला सा धरलं तर मोकळ्या तारा सा-प-सा-म-प-सा अशा लागतात. गंधार कुठेच नाही. त्यामुळे मोकळ्या तारा छेडल्या तर ते मेजरही नसतं आणि मायनरही नसतं, कोमल गंधार घ्यायचा की शुद्ध हे वाजवणाऱ्याने ठरवायचं. रॉरी दोन्हीत फिरतो. खालचा षड्ज अंगठ्याने धरून ठेवला की वरच्या दोन तारांवरची ती आयरिश वळणं आपसूक सुचायला लागतात. सुरुवातीचा मुक्त भाग मी जसाच्या तसा उतरवून घेतलेला नाही. तो स्वतः दर वेळी वेगळा वाजवायचा, म्हणून मीही तारा उतरवून आधी थोडं भटकतो आणि मग तालात येतो.

तारांबद्दल एक सूचना: डी ला उतरवलेली सहावी तार पातळ असेल तर फ्रेटवर खडखडते. मी बारा नंबरचा, म्हणजे जाड तारांचा सेट लावलाय, आता ठीक आहे.

१९७९ च्या 'टॉप प्रायॉरिटी'मधलं 'फिल्बी' ज्यांनी ऐकलं नसेल त्यांनी जरूर ऐका, त्यात इलेक्ट्रिक सतार आहे. नंतरची वर्षं प्रकृतीने कठीण गेली. यकृत प्रत्यारोपणानंतर जंतुसंसर्ग झाला आणि १४ जून १९९५ रोजी लंडनमध्ये तो गेला, अवघा सत्तेचाळीसचा. त्याआधीचा 'फ्रेश एव्हिडन्स' १९९० चा. हात तेव्हाही पक्का होता.

पुढच्या टप्प्यात १९७२ च्या 'लाइव्ह इन युरोप'मधलं 'गोइंग टू माय होमटाउन' घेतोय. ते मॅन्डोलिनवर आहे, वाद्य मित्राकडून मिळालंय. कोणी मॅन्डोलिनवर शफल (झुलत्या लयीचा ठेका) वाजवत असेल तर उजव्या हाताचे वर-खाली फटके कसे बसवलेत ते कळवा.