फुकटचे हात, जुनं चॅप्टर हाउस आणि ऑगस्टमधला वर्क वीक

अमेरिकन विद्यापीठांच्या गावांत दर्शनी भागावर ग्रीक अक्षरं लावलेली मोठी जुनी घरं दिसतात, ती फ्रॅटर्निटींची, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सभासद-मंडळांची, चॅप्टर हाउस; चॅप्टर म्हणजे मंडळाची त्या विद्यापीठातली शाखा. तीस-चाळीस मुलं तिथे राहतात, जेवतात, अभ्यास करतात आणि भिंतींना भोकं पाडतात. घर बऱ्याचदा विद्यापीठाचं नसतं. माजी सभासदांनी काढलेल्या हाउस कॉर्पोरेशनचं असतं. विमा, मालमत्ता कर, बॉयलर, छप्पर सगळं त्यांच्या गळ्यात. मुलांच्या भाड्यात हे भागत नाही, म्हणून कॉलेज उघडायच्या आधी, साधारण ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात, माजी आणि आजी सभासद मिळून घराची डागडुजी करतात. हाच वर्क वीक. इकडे मुलं असलेल्या मराठी आईबापांनाही हल्ली 'शनिवारी या, हातमोजे घेऊन या' असे निरोप येतात. त्यांच्यासाठी आणि ज्यांच्यावर हे सगळं जुळवून आणायची वेळ येते त्यांच्यासाठी हे टिपण.

फुकटचे हात महागात पडू शकतात. शनिवारी सकाळी नऊला पंचवीस माणसं दारात उभी आणि रंग अजून दुकानात, असं झालं की दुपारपर्यंत निम्मी पांगतात आणि उरलेली नको तिथे हातोडा चालवतात. म्हणून कामांची वाटणी एप्रिल-मेमध्येच व्हायला हवी. वायरिंग, नळकाम, छप्पर, स्प्रिंकलर (आग लागली की छतातून पाणी फवारणारी यंत्रणा) ही परवानाधारक कंत्राटदाराची कामं. मुलं मेमध्ये परीक्षा संपवून गेली की ती जून-जुलैत उरकून घ्यायची आणि स्वयंसेवकांसाठी ऑगस्टात फक्त शेवटचा हात ठेवायचा: भिंतींची भोकं, रंग, फरशी, दारं-खिडक्या, अंगण. क्रम उलटा झाला, म्हणजे रंग आधी आणि इलेक्ट्रिशियन नंतर, तर नव्या भिंतीत पुन्हा खाचा पडतात. हे दरवर्षी कुठे ना कुठे होतंच.

कशालाही हात लावण्याआधी दोन तपासण्या. अमेरिकेत घरगुती वापराच्या रंगातलं शिसं १९७८ साली बंद झालं. त्याआधीच्या घरात चौकटी, खिडक्या, जिन्याचे कठडे यांवरच्या जुन्या थरांत ते आहे असंच धरून चालायचं. असा रंग कोरडा घासायचा नाही आणि ज्योतीने जाळायचा तर नाहीच. खाली ६ मिलचं (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाड प्लास्टिक अंथरायचं, पाणी मारत घासायचं, अगदी बारीक धूळ अडवणाऱ्या हेपा फिल्टरच्या व्हॅक्यूमने उचलायचं, तोंडावर तशीच धूळ गाळणारा पी-१०० मास्क. दाढी असेल तर तो मास्क नीट बसत नाही, हे दाढीवाल्यांना आधीच सांगून त्यांना अंगणातलं काम द्यावं. दुसरी तपासणी अॅस्बेस्टॉसची, म्हणजे जुन्या बांधकामातल्या, श्वासातून फुफ्फुसात गेले की घातक ठरणाऱ्या खनिज तंतूंची. तळघरात किंवा जुन्या जेवणघरात ९ इंची चौकोनी टाइल दिसल्या आणि त्यांच्याखाली काळा गोंद असला, तर नमुना प्रयोगशाळेत जाईपर्यंत तिथे पटाशी लावायची नाही. पाइपांभोवतीच्या पांढऱ्या वेष्टनालाही हेच लागू. अहवालात अॅस्बेस्टॉस निघालं तर ते परवानाधारक माणसांनीच काढायचं. टाइल शाबूत असतील तर त्यांच्यावर नवी फरशी टाकून त्या झाकून ठेवणं हा स्वस्त आणि वैध मार्ग बहुधा उपलब्ध असतो.

राडारोड्याचा अंदाज सगळ्यांचाच चुकतो. वीस घनयार्डांचा डंपस्टर, म्हणजे राडारोड्यासाठी भाड्याने मिळणारी लोखंडी पेटी, दिसायला प्रचंड, साधारण २२ फूट लांब आणि ८ फूट रुंद, पण भाडं वजनाच्या मर्यादेत असतं, अनेकदा दोन-तीन टन. जुना गिलावा आणि त्यामागच्या लाकडी पट्ट्या मिळून चौरस फुटाला आठ-दहा पौंड भरतात. म्हणजे एका खोलीच्या ४०० चौरस फूट भिंती उतरवल्या की दीड टनाहून जास्त ऐवज झाला, आणि डंपस्टर अजून निम्मासुद्धा भरलेला दिसत नाही. जास्तीच्या टनाचे पैसे नंतर बिलात येतात. गिलावा भक्कम असेल तर तो उतरवूच नये.

आता भिंती. मुंबई-पुण्याच्या विटांच्या भिंतीत खिळा ठोकून मोठे झालेल्यांनी हे ध्यानात घ्यावं की इथली भिंत पोकळ असते. दर १६ इंचांवर लाकडाचा उभा दांडा आणि त्यावर अर्धा इंच ड्रायवॉल, म्हणजे दोन्ही बाजूंना कागद लावलेला जिप्समचा पाट. त्यामुळे दाराची मूठ, सोफ्याचा कोपरा आणि मध्यरात्रीचा गुद्दा हे तिघेही सहज आरपार जातात. सहा इंचांपर्यंतच्या भोकाला चिकटपट्टीची जाळी पुरते. त्याहून मोठं असेल तर भोक नीट काटकोनात कापून घ्यायचं, मागे १ बाय ३ इंची लाकडाच्या दोन पट्ट्या सरकवायच्या, भोकापेक्षा सहा इंच लांब, आणि दोन्ही बाजूंनी स्क्रू मारून पक्क्या करायच्या. मग ड्रायवॉलचा तुकडा बसवायचा, चारी बाजूंना अष्टमांश इंच फट ठेवून. अर्ध्या इंचाच्या पाटाला सव्वा इंची स्क्रू. डोकं कागदात किंचित दबलं पाहिजे, कागद फाटता कामा नये. फाटला की तो स्क्रू काहीच धरत नाही.

सांधे भरायला पहिला हात पावडरीत पाणी घालून बनवायच्या लांबीचा (पुट्टीचा). पोत्यावर २०, ४५, ९० असे आकडे असतात. ती घट्ट व्हायची मिनिटं. नवशिक्यांच्या हाती ९० चंच पोतं द्यावं, कारण २० ची लांबी थापीवरच दगड होते. आणि उरलेली लांबी बेसिनमध्ये धुवायची नाही. ती पाण्यातसुद्धा घट्ट होते आणि नळीच्या वळणात जाऊन बसते. मग प्लंबरचं बिल एका पोत्याच्या कितीतरी पट. बादलीतच धुवून गाळ कचऱ्यात टाकायचा. सांध्यावरची पट्टी कागदी वापरली तर लांबी कोणतीही चालते. जाळीची पट्टी घेतली तर पहिला हात घट्ट होणाऱ्या लांबीचाच हवा, नाहीतर वर्षात तडा जातो. त्यावर तयार बादलीतल्या लांबीचे दोन हात, एक १० इंची थापीने आणि शेवटचा १२ इंचीने, दोन्हींच्या मधे एक रात्र. ऑगस्टच्या दमट हवेत एक रात्रही कधी पुरत नाही. डाग करडा दिसतोय तोवर तो ओला आहे असं समजायचं. म्हणूनच भिंतींचं काम सोमवारी सुरू व्हावं आणि रंग शनिवारी. एकाच शनिवारी दोन्ही उरकू म्हणणाऱ्याने हे काम कधी केलेलं नसतं.

१९४० च्या आधीच्या घरात बहुधा ड्रायवॉल नसून पट्ट्यांवरचा गिलावा असतो. तो पाऊण इंचाहून जाड असतो, त्यामुळे अर्ध्या इंचाचा तुकडा आत बुडतो. मागे पातळ फळीचा आधार देऊन तो पातळीत आणावा लागतो. बोटांनी ठोकल्यावर पोकळ वाजणारा गिलावा पाडायची घाई नको, भोकांच्या चकत्या आणि स्क्रू लावून तो परत पट्ट्यांना आवळता येतो.

बोळातल्या आणि जिन्यातल्या भिंती वेगळ्या. तिथे बहुतेकदा पाच अष्टमांश इंचाचा, आगीला तग धरणारा टाइप एक्स पाट असतो, आणि तिथल्या भोकाला अर्ध्या इंचाचं ठिगळ लावणं म्हणजे आगीला वाट ठेवणं. यात चेष्टा नाही. १२ मे १९९६ ला नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपेल हिल इथे फाय गॅमा डेल्टाच्या घराला आग लागून पाच विद्यार्थी गेले, पदवीदानाच्या दिवशी. त्यानंतर त्या गावाने फ्रॅटर्निटींच्या घरांत स्प्रिंकलर सक्तीचे केले. स्वयंसेवकांच्या हातून नकळत बिघडणाऱ्या गोष्टी याच यंत्रणेतल्या असतात. स्प्रिंकलरच्या तोंडावर रंग उडाला तर ते पुसून चालत नाही, बदलावंच लागतं. रंगवताना त्यावर छोटी पिशवी बांधायची आणि ब्रश खाली ठेवताच काढायची. धूर ओळखणाऱ्या यंत्रांवर घासकामाच्या वेळी टोपी घालायची आणि रोज संध्याकाळी काढायची, शिवाय अलार्म कंपनीला आधी फोन, नाहीतर ड्रायवॉलच्या भुकटीने अग्निशमन दल दारात येतं. आगरोधक दाराच्या कडेला बिजागरीजवळ धातूची छोटी पट्टी असते, ती रंगवायची नाही. निरीक्षक पहिली तीच बघतो. आणि दार आपोआप लोटणारा हात रंगासाठी काढला असेल तर त्याचे स्क्रू पिशवीत घालून त्याच दाराला चिकटवायचे. काढलेले हात डब्यात एकत्र पडले की निम्मी दारं वर्षभर उघडी राहतात.

रंगाचा हिशोब सोपा आहे. १२ बाय १४ ची, ८ फूट उंच खोली: परीघ ५२ फूट, भिंती ४१६ चौरस फूट, दार-खिडक्या वजा जाता ३६५ च्या आसपास. एका गॅलनमध्ये ३५० ते ४०० चौरस फूट होतं, म्हणजे दोन हातांना दोन गॅलन. अशा दहा खोल्यांना २० गॅलन, पाच गॅलनच्या चार बादल्या. सगळ्या खोल्यांना एकच रंग ठेवावा आणि बादल्या आपसात मिसळून घ्याव्यात, कारण दोन बादल्यांची छटा किंचित वेगळी निघते. लांबी भरलेल्या जागांवर आधी प्रायमर. तो वाचवला तर उजेड तिरपा पडताच प्रत्येक ठिगळ चकाकतं. पाण्याच्या आणि धुराच्या डागांना शेलॅकचा (लाखेचा) प्रायमर, साधा प्रायमर त्यांना दाबत नाही. एका खोलीत चार माणसं बास: एक कडा काढायला, दोन रोलरवर, एक चौकटींना. पाचवा माणूस ट्रेमध्ये पाय घालतो.

जुन्या चौकटींवर बहुतेकदा तेलरंग असतो आणि त्यावर पाण्याचा रंग लावला की हिवाळ्यात सालं निघतात. रबिंग अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या बोळ्याने घासून पाहा: रंग बोळ्याला आला तर पाण्याचा, नाही आला तर तेलाचा. तेलाचा असेल तर हलकं ओलं घासून वर पकड धरणारा प्रायमर.

फरशी ओकच्या पाऊण इंची फळ्यांची असते आणि माजी मंडळींना ती पुन्हा आरशासारखी करायची फार हौस. ड्रम सँडर, म्हणजे फिरत्या सँडपेपरच्या रुळाने फरशी घासणारं यंत्र, भाड्याने आणतात, आणि एक क्षण जागीच थांबला की तो फळीत खळगा पाडतो. तो प्रकार नवख्यांच्या हाती देऊच नये. आधी गरम हवेची जाळी उचलून फळीची कड बघा. फळ्या एकमेकींत अडकवणाऱ्या खाचेच्या वर अष्टमांश इंचाहून कमी लाकूड उरलं असेल तर घासणं विसरा. बहुतेक घरांना जुन्या पॉलिशवर बफरने (गोल फिरणाऱ्या पॉलिश-यंत्राने) हलकं घासून पाण्याच्या पॉलियुरेथेन पॉलिशचा एक हात पुरतो. त्यावर मेण लागलेलं नसेल तरच, मेणावर काही टिकत नाही. २४ तासांनी मोजे घालून चालता येतं, सामान तीन दिवसांनी. तेलाचा स्टेन (लाकडाला छटा देणारा रंग) वापरला तर त्याची फडकी बोळा करून डंपस्टरमध्ये टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात. पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात झाकण लावून ठेवायची.

बाथरूममध्ये स्वयंसेवकांनी सिलिकोन बदलावं, पंख्याच्या जाळ्या धुवाव्यात, एवढंच. शॉवरचा तळ प्लंबरचा, आणि टाइल बसण्याआधी त्यात २४ तास पाणी भरून ठेवायचा आग्रह धरा. खालच्या जेवणघराच्या छतावरचा पिवळा डाग बहुधा तिथूनच आलेला असतो.

माणसांची जोडी लावताना पन्नाशीचा सुतारकाम येणारा एक आणि विशीतले दोन, असं गणित बसतं. बिअर हत्यारं कपाटात गेल्यावर; त्याआधी शिडी आणि बिअर एका घरात नको. विमा कंपनीला स्वयंसेवक कोणतं काम करणार हे लेखी कळवून होकार घ्या.

देणग्यांचंही एक कोडं आहे. हाउस कॉर्पोरेशन बहुधा आयआरएसच्या (अमेरिकेच्या आयकर खात्याच्या) ५०१(सी)(७) या क्लबांसाठीच्या कलमाखाली असतं, आणि त्याला दिलेल्या पैशावर करसवलत नाही. सवलत हवी तर पैसे ५०१(सी)(३) प्रकारच्या शैक्षणिक फाउंडेशनला द्यावे लागतात, आणि ते अभ्यासिका, ग्रंथालय, संगणकाचं जाळं अशा कामांपुरतेच खर्च करता येतात. स्वतःच्या श्रमांची किंमत तर कुठेच वजा होत नाही. शेकोटीच्या वरच्या पितळी पाटीसाठी देणगीदार रांगेत उभे असतात, बॉयलरसाठी कोणी पुढे येत नाही. त्यामुळे भाड्यातून आधी बॉयलरचे पैसे बाजूला काढावेत.

आणि रविवारी दुपारी सगळे गाड्यांत बसण्याआधी एका माणसाने वही घेऊन घरभर फिरावं: कुठला रंग, कुठल्या दुकानाचा, कोणता कोड, कुठल्या भिंतीमागे कुठला पाइप. भिंत बंद करण्याआधीचे फोटो त्याच फोल्डरमध्ये. पुढच्या वर्षीच्या मुलांपैकी निम्मी नवी असतील.