नूतन ऐकते तेव्हा

नूतनचं नाव निघालं की लोक तिच्या डोळ्यांबद्दल बोलायला लागतात. मी तिच्या कानांबद्दल बोलतो, मग समोरचा माणूस जरा जपूनच माझ्याकडे बघतो.

'सुजाता'तलं फोनवरचं गाणं आठवा. तिकडे सुनील दत्त फोनवर गातोय, गळा तलत महमूदचा, चाल सचिनदेव बर्मन यांची. इकडे नूतनच्या वाट्याला काय, तर रिसीव्हर कानाला धरणं. अख्ख्या गाण्यात तिला एक ओळ नाही. दुसरी एखादी असती तर तिनं पदर चिवडला असता, उसासे टाकले असते, कॅमेऱ्याला काहीतरी देत राहिली असती. नूतन नुसती ऐकते. आधी तिच्या चेहऱ्यावर शंका असते, की हे नक्की आपल्यालाच चाललंय ना? मग हळूहळू खात्री पटत जाते, आणि खात्री पटता पटताच डोळे भरून येतात. सुख दाराशी आलंय, पण ते ठेवायला तिच्याकडे जागाच नाही.

ज्या घरात ती वाढलीय तिथे तिची ओळख 'मुलगी' अशी नसते, 'मुलीसारखी' अशी असते. त्या एका 'सारखी'पायी ती लहानपणापासून दाराआडून बोलणी ऐकत आलेली, आपलं नाव कुठल्या सुरात निघतंय ते ओळखायला शिकलेली. अशा मुलीला कुणीतरी फक्त तिच्यासाठी गातंय. त्या प्रसंगात बिमल रॉय यांनी तिच्या चेहऱ्यावर एवढा भरवसा का टाकला, ते मला तिसऱ्या-चौथ्यांदा बघताना कळलं. पहिल्या दोन वेळा मी सुनील दत्तकडेच बघत होतो. वयच तसं होतं.

ऐकणं तिला इतकं कसं साधलं, याचं मी माझ्यापुरतं उत्तर काढलंय: तिला गाता येत होतं. 1960च्या 'छबिली'त ती स्वतःच गायली आहे. संगीत स्नेहल भाटकरांचं, दिग्दर्शन आई शोभना समर्थ यांचं. 'सीमा'मधल्या जयजयवंतीतल्या गाण्यात आवाज लताबाईंचा आहे, पण नूतनचा गळा बघा. तान घेण्याआधी श्वास जिथे घ्यायचा तिथेच ती घेते. नुसते ओठ हलवणारे खूप असतात, त्यांची मान काही गात नाही. ज्याला गाणं कळतं, त्याला समोरच्याचं गाणं कसं घ्यायचं तेही कळत असणार. (हा सिद्धांत मी एका गाणाऱ्या मित्राला सांगितला, तर तो म्हणाला, "गाणारे दुसऱ्याचं कधीच ऐकत नाहीत." म्हणजे सिद्धांत तिथेच बसला. पण सोडवत नाही.)

1963 साल तर कमालीचं. त्या वर्षी 'तेरे घर के सामने'मध्ये देव आनंद कुतुबमिनारच्या पायऱ्या उतरत गातो आणि नूतन ऐकते. देव आनंदशेजारी उभं राहायचं म्हणजे सोपं काम नव्हे. त्याची मान, त्याचे हात, त्याची बोलण्याची घाई, सगळंच चालू असतं. ही त्या गडबडीत हसते, लाजते, आणि त्याची थोडी गंमतही बघत असते.

आणि त्याच वर्षी 'बंदिनी'. त्यातला खुनाचा प्रसंग मी एकट्यानं बघायचं टाळतो. बाहेर लोखंडावर घण पडतायत, वेल्डिंगचा उजेड भपकन येतो आणि विझतो. त्या उजेडात कल्याणीचा चेहरा दिसतो, जातो, पुन्हा दिसतो, आणि दर वेळी तो आधीचा नसतो. संवाद जवळपास नाहीतच. ती फक्त ते घण ऐकते आहे. मग चहात विष पडतं. बाई खुनी होताना दाखवायची तर आरडाओरडा लागतो असं ज्यांना वाटतं, त्यांना हा प्रसंग दाखवावा आणि आपण स्वयंपाकघरात जाऊन बसावं.

पुरस्कारांचं सांगायचं तर पाच वेळा फिल्मफेअरची सर्वोत्कृष्ट अभिनेत्री. तीसेक वर्षं तो विक्रम कुणाच्या हाती लागला नाही, आणि लागला तो भाचीच्या, काजोलच्या. नंतरच्या काळात तिला सोसणाऱ्या आया पुष्कळ मिळाल्या, त्यावर मला फारसं बोलायचं नाही. 1991 साली ती गेली, तेव्हा वय होतं अवघं चोपन्न.

'बंदिनी'वरून माझं आणि आईचं भांडण मात्र अजून मिटलेलं नाही. शेवटी कल्याणीपुढे दोन वाटा असतात. एकीकडे आगगाडी, ती तिला तरुण, सज्जन डॉक्टरकडे नेणार, म्हणजे धर्मेंद्रकडे. दुसरीकडे बोट, तीत आजारानं खचलेला अशोक कुमार, ज्याच्यापायी तिच्या आयुष्याचं मातेरं झालं. आई दर वेळी पडद्याला बजावते, "अगं गाडीत बस, बाई!" खरं सांगायचं तर मीही मनातून आईच्याच बाजूचा असतो. मग घाटावर सचिनदांचा तो रापलेला आवाज सुरू होतो आणि नूतन ऐकायला लागते. पुन्हा तेच. काही करत नाही, बोलत नाही, नुसती ऐकते, आणि बघता बघता तिचा चेहरा पलीकडे जाऊन पोचतो. पाय मागाहून धावतात. बोट सुटता सुटता ती चढते, आणि तोवर मी पक्ष बदललेला असतो.

"गेली," मी म्हणतो.

आई उठून चष्मा पुसते. "जाऊ दे. पण त्या डॉक्टरचं पुढे काय झालं, ते काही दाखवलं नाही मेल्यांनी."