दोन नंबरची टाकी

पाचव्या दिवशी सकाळी एक नंबरच्या टाकीतल्या बिअरची ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेतली घनता, १.०११ आली आणि दोन नंबरची १.०२४. यीस्ट साखर खातं तसा हा आकडा उतरतो. वर्ट, म्हणजे बिअर होण्याआधीचं माल्टचं गोड पाणी, एकच. हजार लिटर उकळून दोन्ही टाक्यांत निम्मा निम्मा भरलेला, सुरुवात १.०४८ वर. यीस्टही एकाच कॅनमधलं. पुण्यातल्या आमच्या छोट्या ब्रुअरीत व्हीट बिअर इतक्या वेळा केलीय की डोळे मिटून होते, असं मी तोवर म्हणायचो.

पहिल्या आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही. नमुना या ग्लासातून त्या ग्लासात दहादा ओतून गॅस काढला, कारण बुडबुडे चिकटले की हायड्रोमीटर, म्हणजे ग्रॅव्हिटी मोजायची तरंगती नळी, वर उचलला जातो आणि आकडा जास्त दिसतो. नमुना २० अंशांवर आणला. पुन्हा १.०२४. जीभही तेच सांगत होती. केळं-लवंगेचा वास ठीक, पण मागे माल्टचा चिकट गोडवा.

टाकी १८ वरून २१ अंशांवर नेली, खालून कार्बन डायऑक्साइड सोडून तळाचं यीस्ट ढवळलं. दोन दिवस काही हललं नाही. मालक म्हणाले, "शनिवारी नळाला लावून टाकू, लोकांना गोडच आवडते." खोटं नाही ते, दुर्दैवाने.

दोष वर्टचा की यीस्टचा हे बघायला थोडी बिअर फ्लास्कमध्ये घेतली, भरपूर कोरडं यीस्ट टाकलं आणि उबेला ठेवली. दुसऱ्या दिवशी १.०१०. म्हणजे साखर होती, टाकीतलं यीस्टच ती खात नव्हतं. मिथिलिन ब्लू टाकून मायक्रोस्कोपखाली पाहिलं असतं, तर मेलेल्या पेशी निळ्या दिसल्या असत्या. पण आमच्याकडे दारावर निऑनचा बोर्ड आहे, मायक्रोस्कोप नाही.

मग हाताखालच्या पोरावर घसरलो. कॅन न हलवता ओतलास, वरचं पातळ एकीकडे गेलं, तळाचं घट्ट दुसरीकडे. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सर, नाही हलवला, खरंय. पण मी आधी एक नंबरमध्ये ओतलं. पातळ तिकडे गेलं ना? मग एक नंबरच अडकायला हवी होती."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ऑक्सिजनच्या सिलिंडरकडे गेलो. वर्ट थंड होऊन टाकीत जाताना त्यात ऑक्सिजन सोडतो. तो कमी पडला तर यीस्टला पेशींचं आवरण धड बांधता येत नाही, आणि हे यीस्ट चौथ्यांदा वापरलेलं. काटा शून्यावर होता. त्या दिवशी आधी एक नंबर भरली होती, मग दोन. सिलिंडर बघायचं काम माझं. नोंदवहीत दाबाचा रकाना कोरा, बाकी पानभर अक्षर माझंच.

तीन नंबरमध्ये दुसरी व्हीट फसफसून वर आली होती. तिच्यातली ५० लिटर, जोमातल्या यीस्टसकट, दोन नंबरमध्ये सोडली. चार दिवसांत १.०१२. शनिवार अर्थातच गेला.

तरी शंका आहेच. सिलिंडर नंतर व्हॉल्व्हमधून गळूनही रिकामा झाला असेल. पोराला अजून काही बोललेलो नाही. तो मात्र आता दर वेळी कॅन माझ्यासमोर आणून हलवतो, जरा जास्तच वेळ.