रात्री आठनंतर बायकांना परवानगी नाही

आमच्या रुग्णालयात पुरुषांच्या जनरल वॉर्डाबाहेर पाटी आहे : ‘रात्री ८ नंतर स्त्री नातेवाइकांना थांबता येणार नाही.’ नियमामागे वाईट हेतू नाही. खाटेला खाट लागलेली, पडदे मोजकेच, निम्म्या पेशंटांच्या अंगावर धड कपडे नसतात. रात्री मुलगा, भाऊ, जावई असं कुणीतरी थांबेल असं गृहीत धरलेलं. ज्यांच्या घरात तसा पुरुष नाही, किंवा आहे पण रात्रपाळीला आहे, त्यांनी काय करायचं हे पाटीवर नाही.

मी इथे मेडिकल सोशल वर्कर आहे. धर्मादाय रुग्णालय असल्यामुळे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात. त्यामुळे माझ्या टेबलावर कायम रेशनकार्डं आणि तहसीलदारांचे उत्पन्नाचे दाखले. आजीही तीच कागदं घेऊन आल्या. खुर्चीच्या कडेवर बसल्या, पिशवी मांडीवर घट्ट धरलेली. बिलाचं काही विचारलंच नाही.

“ताई, मालकांचं हात सोडायला सांगा की. चोर हाय का त्यो?”

आजोबा बाथरूममध्ये पडून खुब्याचं हाड मोडलेलं, आमच्याकडे बॉल बदलायचं ऑपरेशन झालेलं. आयुष्यभर मार्केट यार्डात पोती वाहिलेला माणूस, सत्तरी ओलांडली तरी मनगटात जोर. मुलगा चाकणला कंपनीत कंत्राटावर. खाडा केला की पगार कापला जातो आणि फार खाडे झाले की नोकरीच जाते. म्हणून रात्री कुणी नाही. आजी जिन्याखाली चटई टाकून बसलेल्या, आणि वर वॉर्डात आजोबांचे दोन्ही हात गॉज बँडेजनं खाटेला बांधलेले.

नाईटच्या सिस्टरनी लिहून ठेवलं होतं : पेशंट अस्वस्थ, कपडे काढतो, शिवीगाळ करतो, इंजेक्शन दिले. यात खोटं काही नव्हतं. एवढ्या पेशंटांमागे दोन सिस्टर आणि एक मामा, म्हणजे वॉर्डबॉय. उठून उभा राहिला आणि पुन्हा पडला तर जबाब त्यांनाच द्यायचा.

केसपेपरवर ब्लड प्रेशर होतं, तंबाखू होती. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, कुठेच नव्हता. भरती करताना कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी आजींनी “वयोमानानं इसरत्यात” एवढंच सांगितलं असतं. देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे. त्यातल्या बहुतेकांच्या घरी या आजाराला नावच नसतं. अशा माणसाला ऑपरेशन, दुखणं, नवी औषधं, जागरण, अनोळखी खोली हे सगळं एकदम सोसावं लागलं की त्याला डिलिरियम, म्हणजे अचानक येणारा भ्रम, होण्याची शक्यता फार वाढते. काल बरा बोलणारा माणूस आज वात झाल्यासारखा बरळतो. घरचे घाबरतात, वॉर्ड वैतागतो. कारण मात्र बरेचदा साधं असतं : लघवी तुंबलेली, पोट साफ नाही, तहान, दुखणं, कुठंतरी इन्फेक्शन. फक्त ते त्याला सांगता येत नाही.

मी आजींना घेऊन वर गेले. आजोबा गुंगीत होते, तरी बांधलेल्या हाताची बोटं कमरेकडे ओढ घेत होती. मला ती नुसती चाळवाचाळव दिसली. आजींनी पाहिलं आणि सरळ म्हणाल्या, “आवं, लघवीला लागलीय त्यांना. नाडी हुडकत्यात. घरी बी असंच करत्यात. रातच्याला त्या पोराला सांगितलं मी, तर म्हनला, आजी तुमी खाली जावा.”

आदल्या दिवशी सकाळी कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, काढलेला. आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर, नुकताच लागलेला मुलगा, पण कान देणारा. त्यानं पोटावर हात ठेवला आणि सिस्टरना ट्रे आणायला सांगितला. पिशवीत आठशे मिली उतरली. कपडे का काढत होते, ते सगळ्यांनाच कळलं. हात तिथल्या तिथे सोडले. पुढच्या वेळी फिजिओथेरपिस्टनं वॉकर देऊन उभं केलं, आजींनी बाटली धरली आणि कॅथेटरशिवाय काम झालं. जन्मभर उभ्यानं गेलेला माणूस, त्याला झोपून होत नव्हतं.

मग ती पिशवी उघडली. रुमालात बांधलेली कवळी, आणि प्लास्टिकच्या डबीत कानाचं यंत्र. ऑपरेशनला नेताना ‘दागिने, दात, यंत्र काढून द्या’ म्हणून आजींच्या हातात दिलेलं. परत घालायचं कुणी सांगितलं नाही, आणि ‘आपरेशन झालेल्या मानसाला चालत नसंल’ असं त्यांनीच ठरवलं. म्हणजे इतके दिवस आजोबांना ऐकू येत नव्हतं आणि चावता येत नव्हतं. तक्त्यावर मात्र ‘सूचना पाळत नाही, जेवण नाकारतो’. मला राग आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना, कारण प्रत्येकानं आपापलं काम नियमाप्रमाणेच केलं होतं.

त्या दुपारी केसपेपरच्या कोऱ्या बाजूला आजी सांगत गेल्या तसं लिहून घेतलं. ‘बाबा’ म्हटलं तर बघणार नाहीत, ‘तात्या’ म्हणा. यंत्र डाव्या कानाला. उजव्या बाजूनं बोलून उपयोग नाही. चहा पेल्यातच. दुखलं तर ‘दुखतंय’ म्हणत नाहीत, दात खातात आणि जेवायचं थांबतात. दिवेलागणीला ‘घरी जायचंय’ सुरू होतं; ‘गाडी यायचीय अजून’ म्हटलं की बसतात. तो कागद खाटेच्या डोक्याशी चिकटवला. सिस्टर वाचत होत्या, मामाही वाचत होता.

राहिला रात्रीचा प्रश्न. मेट्रन मॅडमचं म्हणणं, एकीला सोडलं की दहा जणी येतील. मी त्यांना ब्रिटनमधल्या जॉन्स कॅम्पेनबद्दल सांगितलं. निकी जेरार्ड या लेखिकेचे वडील जॉन यांना अल्झायमर होता. २०१४ मध्ये ते पायाच्या जखमांसाठी रुग्णालयात राहिले, तिथे घरच्यांना भेटायला बंधनं होती. गेले तेव्हा स्वतःच्या पायांनी चालणारा माणूस परत आला तो पार खचून, आणि त्याच वर्षी वारला. तेव्हापासूनची मागणी एवढीच की डिमेन्शियाच्या माणसाजवळ सांभाळणाऱ्याला कोणत्याही वेळी राहू द्या. मॅडम म्हणाल्या, “तिकडं स्वतंत्र खोल्या असतील.” मग मी आठशे मिलीचं सांगितलं. ते पटलं. दाराजवळची कोपऱ्यातली खाट, मध्ये पडदा, शेजारच्या दोन पेशंटांची संमती आणि माझा लेखी अर्ज, एवढ्यावर परवानगी निघाली.

आता आजी हक्कानं राहू शकत होत्या, म्हणून त्या हलेनातच. अंघोळीला जाईनात, जेवणाच्या वेळी चहा-बिस्किटावर भागवायच्या. “मागं वळलं की हाक मारत्यात.” पाय सुजलेले दिसले म्हणून सिस्टरना बीपी मोजायला लावलं, वरचा आकडा १८० च्या पुढे. स्वतःच्या गोळ्या बिबवेवाडीच्या खोलीत, फळीवर. आमच्याकडे पेशंटच्या प्रत्येक गोळीची नोंद असते, त्याच्या उशाशी बसलेल्या बाईची कुठेच नसते. ओपीडीतून गोळ्या मिळवल्या. दुपारी दोन तास मामानं खाटेजवळ स्टूल टाकून बसायचं, तेवढ्यात आजींनी आमच्या ऑफिसमागच्या खोलीत झोपायचं, असं ठरवलं. पहिल्या दिवशी त्या झोपल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी उठवावं लागलं.

आजोबा एकदम शहाणे वगैरे झाले नाहीत. संध्याकाळचं ‘घरी जायचंय’ सुरूच राहिलं, एकदा सिस्टरच्या हाताला चावले. कवळी घातलेली होती.

डिस्चार्जच्या सूचना आमच्याकडे बिल भरताना मिळतात : एका हातात पावत्या, दुसऱ्या हातात औषधांची पिशवी, त्यात फिजिओ सांगणार की उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही. मी त्याला आदल्या दिवशीच बोलावलं आणि खाटेवरून उठवायचं कसं ते आजींकडूनच करवून घेतलं. रविवार गाठून मुलालाही बोलावलं. त्याला कमोडच्या खुर्चीची किंमत सांगितल्यावर तो गप्प झाला. एका देणगीदारांकडून जुनी खुर्ची मिळाली.

आता सर्जरीच्या सिस्टर इन्चार्ज ऑपरेशनहून आलेल्या प्रत्येक म्हाताऱ्या पेशंटच्या नातेवाइकाला विचारतात, “कवळी, चष्मा, मशीन कुणाकडंय? आणा, घाला.” पाटी काही बदललेली नाही. असा पेशंट आला की मी नव्यानं अर्ज लिहिते, आणि मेट्रन मॅडम ‘अपवाद म्हणून’ असा शेरा मारून सही करतात.