वासाचं नको, मिठाचं विचारा

"तुमची ती जपानी बाग गटारीच्या पाण्यावर आहे म्हणे. वास येत नाही का हो?" लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, सांगलीच्या विश्रामबागेतल्या भाजीवाल्यापाशी, कुठंही मला हेच विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून यावेळी नीट सांगते.

वास येत नाही. ज्या दिवशी येतो त्या दिवशी काहीतरी बिघडलेलं असतं आणि मी आधी एसटीपीकडे, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्राकडे जाते, बाग नंतर. आमच्या भागातलं घराघरातलं सांडपाणी तिथं येतं. जाळीला कचरा अडकतो, वाळू खाली बसते, मग मोठ्या टाकीत खालून हवा सोडतात आणि त्या हवेवर जगणारे जिवाणू पाण्यातली घाण खातात. त्यानंतर गाळ निवळतो, पाणी वाळू आणि कोळशाच्या फिल्टरमधून जातं, शेवटी क्लोरिन. येताना ज्या पाण्याचा बीओडी, म्हणजे घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू, लिटरमागे 200 ते 300 मिलिग्रॅम असतो, ते बागेकडे निघताना 10 च्या आत असायला लागतं. सगळा भार त्या जिवाणूंवर आहे. वीज गेली, हवा सोडणारा ब्लोअर थांबला की त्यांचा जीव गुदमरतो आणि काही तासांत कुजका वास सुटतो. म्हणून जनरेटरची पहिली लाईन ब्लोअरला, दिव्यांना नंतर. आणि एक विनंती सगळ्यांनाच करते: संडास चकाचक करायला ॲसिडची बाटली ओतू नका. ती थेट त्या जिवाणूंच्या ताटात पडते.

पुढचा प्रश्न ठरलेला. सांगलीत जपानी बाग कशाला? आपली आमराईची बाग आहे की.

आमराई आहे आणि ती मला प्रियच आहे. पण झाडाच्या बुंध्यात किंवा लॉनवर सोडलेलं पाणी मुरून जातं, ते कसं होतं हे कुणी बघत नाही. जपानी बागेत पाणी उघडं असतं. तळं, त्याच्या काठानं फिरणारी वाट, पाण्यात पडलेलं दगडाचं प्रतिबिंब. पाणी गढूळ किंवा हिरवं झालं तर पहिल्या वळणावरच कळतं, लपवायला जागा नाही. लॉस एंजेलिसमध्ये हे फार आधी करून दाखवलंय. व्हॅन नाईस भागात डोनाल्ड सी. टिलमन जलशुद्धीकरण केंद्राला लागूनच 6.5 एकरांची जपानी बाग आहे, कोइची कावाना यांनी आखलेली, 1984 साली लोकार्पण झालेली. तिथली तळी केंद्रातल्याच शुद्ध केलेल्या पाण्यावर आहेत. लोकांनी या पाण्याकडे बघावं, त्याच्या काठानं चालावं, हाच बाग करण्यामागचा विचार होता. आमची बाग त्यापुढं एवढीशी आहे, विचार मात्र तोच घेतलाय.

झाडं तिकडची नाहीत. जपानी मेपल आपल्या मे महिन्यात टिकणार नाही आणि क्योटोच्या सायहो-जी मंदिरासारखी शेवाळाची गादी इथं होणं शक्य नाही. शेवाळाच्या जागी कोरियन लॉन आहे, पाईनच्या जागी सुरूची झाडं. सुरूचे कोवळे शेंडे बोटांनी खुडावे लागतात, कात्री लावली की टोकं तपकिरी पडतात. हे काम आमच्या शांतामावशींसारखं कुणाला जमत नाही. एक फांदी दहा बाजूंनी बघतात, मग दोन शेंडे काढतात. दगड सगळे इथलेच, काळा पाषाण.

आता खरी गोष्ट. बाग नवीन होती तेव्हा वाळव्याकडचे एक शेतकरी काका नातवाला घेऊन आले होते. तळ्याच्या काठावर उकिडवे बसले, ओली माती चिमटीत घेऊन चोळली आणि म्हणाले, "ताई, वासाचं सोडा. ह्ये पाणी मीठ किती आणतंय ते बघितलंय का?"

सांगलीच्या माणसालाच सुचावा असा प्रश्न. कृष्णाकाठची चांगली काळी रानं उसाला पाटानं पाणी पाजून पाजून क्षारपड झालेली आपण बघितली आहेत. वर पांढरी बुरशी आल्यासारखी दिसते, खाली पाणी तुंबलेलं, मधे काही उगवत नाही. शुद्ध केलेल्या सांडपाण्यालाही हाच धोका आहे. आपण वापरलेलं मीठ, साबण, धुण्याची पावडर यातले विरघळलेले क्षार जिवाणू खात नाहीत, वाळूचा फिल्टर अडवत नाही. घराघरातून फिरून आलेल्या पाण्यात लिटरमागे साधारण 200 ते 400 मिलिग्रॅम क्षार वाढलेले असतात. म्हणून मी पाण्याची विद्युत वाहकता बघते, म्हणजे ईसी; क्षार जितके जास्त तितकी ती जास्त. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या मोजमापात ती 0.7 डेसीसीमेन्स प्रति मीटरच्या खाली असेल तर निर्धास्त, 0.7 ते 3 मध्ये जपून आणि 3 च्या वर वापरावर कडक बंधन. आमचं पाणी मधल्या पट्ट्यात येतं. जपून, म्हणजे रोज जपून.

ते जपणं दगडावर दिसतं. तळ्याची पातळी चार बोटं उतरली की काळ्या दगडावर पांढरी रेघ उमटते, खडूनं ओढल्यासारखी. पाऊस पडला की पुसट होते, मार्चपासून जाड होत जाते. जुना दगड जपानी बागेत दगडफुलानं शोभतो, पण ही रेघ शोभेची नाही. ती वाढलेली दिसली की मी कामिनीच्या झुडपांची पानं बघायला जाते. कडा करपल्या असतील तर क्षार मुळांपर्यंत पोचलेत.

मग उपाय शेतातलाच. जमिनीखाली सच्छिद्र पाईप, भोवती खडी, म्हणजे रानात निचऱ्यासाठी टाकतात तसंच. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात क्षारपड जमिनीवर काम झालंय, तिकडच्याच पद्धतीनं आम्ही केलं. अधूनमधून झाडाच्या गरजेपेक्षा जास्त पाणी द्यायचं, म्हणजे क्षार धुऊन खाली जातात आणि पाईपातून बाहेर. निचराच नसेल तर हेच जादा पाणी जमीन मारतं. सोडियम जास्त असेल तर काळी माती चिखलासारखी मिटते, पाणी वरच उभं राहतं. तिथं जिप्सम घालावं लागतं.

उलटा हिशोबही आहे. या पाण्यात लिटरमागे 10 मिलिग्रॅम नत्र राहिलं तर लाखभर लिटरबरोबर एक किलो नत्र आपोआप येतं, म्हणजे दोन किलोंहून जास्त युरिया. लॉनला ते फुकटचं खत. तळ्यात मात्र तेच नत्र आणि स्फुरद पाणी हिरवंगार करतं, आणि असं पाणी पहाटे प्राणवायूला महाग होतं. कोई मासे तोंड वर काढून आ वासताना दिसले की कारंजं लगेच सुरू करायचं. म्हणून कारंजं आम्ही रात्रभर चालवतो आणि दिवसा, लोक बघायला येतात तेव्हा, बंद ठेवतो. त्यावरून बोलणी खाते, पण मासे महत्त्वाचे. क्लोरिनचं पाणीही थेट तळ्यात सोडत नाही, आधी उघड्या टाकीत ठेवून क्लोरिन उडून गेलंय का ते तपासतो.

"ऑगस्ट 2019 ला आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं, त्या गावाला पाणी जपायला सांगता?" असंही एकानं ऐकवलं. हो, सांगते. महापूर आठ-पंधरा दिवसांचा असतो. याच जिल्ह्यात जत, आटपाडीनं टँकरवर उन्हाळे काढलेत आणि म्हैसाळ, टेंभूच्या पंपांनी कृष्णेचं पाणी उचलून तिकडं न्यावं लागतं. फुलझाडांना नदीचं शुद्ध केलेलं, पिण्याजोगं पाणी ओतायला माझा हात होत नाही. आपलं सांडपाणी शेरीनाल्यातून त्याच नदीत गेलेलं तर सगळ्यांनी बघितलंय.

मुलांनी तळ्यात हात घातला तर? साबणानं धुवायचा, एवढंच. प्यायच्या पाण्याचा नळ वेगळा, बागेचे पाईप जांभळे, आणि तुषार आम्ही लावतच नाही. ठिबक, तेही गेट बंद झाल्यावर.

तुमच्या सोसायटीत असं काही करणार असाल, तर कुठली झाडं लावू हे मला शेवटी विचारा. आधी पाण्याची ईसी आणि सोडियम तपासून घ्या, एकदा मेमध्ये आणि एकदा सप्टेंबरात, आणि लावणीच्या आधी तिथं हातभर खड्डा खणून त्यात बादलीभर पाणी ओता. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी तसंच असेल, तर पहिला खर्च निचऱ्याच्या पाईपवर करा.