कोपऱ्याची त्रिज्या

कोथरूडमधील रहिवाशांच्या त्या गटाची मागणी साधी होती. मुख्य रस्त्यापासून शाळेपर्यंतच्या सुमारे अर्ध्या किलोमीटरवर डाव्या कडेने हिरव्या रंगाचा पट्टा मारावा, त्यावर थोड्या थोड्या अंतराने सायकलीचे चित्र काढावे आणि दोन फलक लावावेत. मागणी रंगापुरतीच का, हे पुण्यात रस्त्यांचे काम केलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक करण्याची पद्धत पुणे महापालिकेत २००६ पासून आहे. तीत प्रभागातील रहिवासी कामे सुचवतात आणि एका कामाला ५ लाख रुपयांची मर्यादा असते. एवढ्या रकमेत बाके बसतात, पदपथाची डागडुजी होते, रंग मारला जातो; कर्बस्टोन म्हणजे पदपथाच्या कडेचे दगड उखडून कोपरा नव्याने बांधणे आणि पावसाळी वाहिनीचे चेंबर हलवणे त्यात बसत नाही. लोक जे मागतात ते पुष्कळदा त्यांना हवे असते म्हणून नव्हे, तर अर्जात बसते म्हणून मागतात.

मी ज्या सल्लागार संस्थेत काम करते तिच्याकडे रस्त्यांचे आराखडे तपासण्याचे आणि सुचवण्याचे काम असते, आणि ही मागणी तपासणीसाठी माझ्याकडे आली. गटातील मंडळी अभ्यासू होती. महापालिकेच्या मुख्य सभेने डिसेंबर २०१७ मध्ये मंजूर केलेला सर्वंकष सायकल आराखडा त्यांनी वाचला होता आणि त्यातील आठशेहून अधिक किलोमीटरच्या प्रस्तावित जाळ्यात आपला रस्ता कोठे येतो हेही त्यांना पाठ होते. २००६ च्या सुमारास बीआरटीबरोबर, म्हणजे बससाठी राखून ठेवलेल्या मार्गिकांबरोबर, सातारा रस्त्याच्या कडेने झालेल्या सायकलमार्गांचे पुढे काय झाले, हेही त्यांनी पाहिले होते: मध्येच विजेची डीपी म्हणजे वितरण पेटी, मध्येच झाड, प्रत्येक फाटकाशी उतार, आणि चौक जवळ आला की मार्गच नाहीसा. तरीही रंग मारल्याने निदान सुरुवात होईल, असे त्यांचे म्हणणे होते. मला ते पटत नव्हते. पण विरोध करण्यापूर्वी त्या रस्त्यावर सायकल चालवते कोण, हे पाहणे आवश्यक होते.

सकाळच्या मोजणीत जे दिसले ते गटालाही अनपेक्षित होते. रविवारी पहाटे हेल्मेट घालून सिंहगडाच्या दिशेने निघणारे सायकलस्वार या रस्त्यावरून जात असत खरे, परंतु आठवड्याच्या इतर दिवशी येथे सायकल चालवणारे बहुतेक लोक म्हणजे रात्रपाळी संपवून परतणारे सोसायट्यांचे सुरक्षारक्षक, पेपर टाकणारी मुले, रंगकाम करणारे कारागीर आणि शाळेचे विद्यार्थी. त्यांतील निम्म्याहून अधिक जण उलट दिशेने येत होते. हा बेशिस्तपणा आहे, असे गटातील एका काकांनी तेथल्या तेथे ठरवून टाकले. परंतु मुख्य रस्त्यावरील दुभाजकाला त्या भागात बऱ्याच अंतरापर्यंत खंडच नाही. नियमाने जायचे तर पुढच्या चौकापर्यंत जाऊन, वळून, तेवढेच अंतर परत यावे लागते. बारा तासांची पाळी करून निघालेला माणूस जड सायकलवर तो वळसा घालणार नाही, आणि घालावा अशी अपेक्षा मोटारीत बसून करणे सोपे आहे. डाव्या कडेच्या एकेरी पट्ट्याचा या निम्म्या लोकांना काहीही उपयोग होणार नव्हता.

त्याहून मोठी अडचण कोपऱ्यावर होती. मुख्य रस्त्यावरून शाळेच्या रस्त्याला डावीकडे वळताना पदपथाची कड इतकी ऐसपैस गोलाईने आखलेली होती की मोटारींना वेग कमी करण्याची गरजच पडत नसे. तेथील त्रिज्या १२ मीटरच्या आसपास भरली, आणि आमच्या स्पीड गनवर वळणाऱ्या मोटारींचा वेग ताशी २५ किलोमीटरच्या घरात येत होता. सरळ जाणाऱ्या सायकलस्वाराला सर्वांत मोठा धोका असतो तो अशाच ठिकाणी, कारण डावीकडे वळणारे वाहन त्याला मागून गाठते आणि आडवे होते. हिरवा पट्टा नेमका त्या ठिकाणी संपणार होता. कोपऱ्याची त्रिज्या ५ मीटरवर आणावी, असे मी सुचवले. त्यावर आक्षेप आला तोही अपेक्षितच होता: पीएमपीची, म्हणजे शहर बससेवेची, १२ मीटर लांबीची बस वळणार कशी?

कागदावर हा वाद कितीही चालला असता. म्हणून वाहतूक शाखेची परवानगी घेऊन एका शाळेच्या दिवशी सकाळी प्रत्यक्ष रस्त्यावरच नवी कड आखून पाहायचे ठरले. पहाटे पाच वाजता आम्ही पोहोचलो तेव्हा रस्ता जवळपास रिकामा होता. क्रीडांगणावर रेषा आखायला वापरतात ती फक्की, सुतळी, मोजपट्टी आणि भाड्याने आणलेले नारिंगी कोन एवढेच साहित्य होते. केंद्रबिंदूवर खिळा ठोकून सुतळीने ५ मीटरचा कंस काढला, त्यावर फक्की टाकली आणि कोन मांडले. जुनी आणि नवी कड यांच्या मधली, चंद्रकोरीसारखी वाटणारी जागा प्रथमच डोळ्यांना दिसू लागली. ती पाहून शेजारच्या मिसळीच्या दुकानाचे मालक बाहेर आले आणि आमच्या दुकानासमोरचे पार्किंग जाणार का, हे विचारून गेले. हा प्रश्न त्या सकाळी मला इतक्या जणांनी विचारला की पुढे पुढे मी उत्तराची सुरुवातच पार्किंगपासून करू लागले.

सहाच्या सुमारास पहिली बस आली. चालकाने वेग कमी केला, कोनांकडे पाहिले, जरा उजवीकडे घेतले आणि एकाही कोनाला न शिवता बस वळवून पुढच्या थांब्यावर उभी केली. मी धावत जाऊन त्यांना अडचण झाली का, असे विचारले. त्यांना प्रश्नच कळला नाही.

“मॅडम, मी रोज असाच वळतो. तिकडं कायम गाड्या लावलेल्या असतात. कोपऱ्यात बस घालायला जागा मिळते कुठं?”

आजवरच्या प्रत्येक बैठकीत ज्या जागेवर बसचा हक्क सांगितला जात होता, ती जागा बसला कधी मिळालीच नव्हती. दिवसा उभ्या राहणाऱ्या मोटारींनी कोपरा केव्हाच अरुंद केला होता, आणि बसचालकाने वळण्याची पद्धत त्याप्रमाणे बदलून घेतली होती. ऐसपैस गोलाईचा लाभ उरला होता तो फक्त पहाटे आणि रात्री, रस्ता मोकळा असताना, भरधाव वळणाऱ्यांना. तपासणीला आलेले महापालिकेचे उपअभियंता तोवर गप्प होते. त्यांनी पुढच्या बसचे वळण स्वतः मोबाइलवर चित्रित करून घेतले. गटातील कोणी दहा वेळा सांगून जे साधले नसते ते त्या चित्रफितीने साधले.

मात्र सारे काही सुरळीत झाले असे नव्हे. सातच्या आधी पाण्याचा टँकर आला. तो बसपेक्षा लांबीने कमी, पण त्याच्या चालकाने उजवीकडे न घेता सरळ कोपरा कापला आणि मागच्या चाकाखाली दोन कोन चेपले. लांब वाहन वळते तेव्हा मागची चाके पुढच्या चाकांच्या मार्गाने जात नाहीत, ती आतल्या बाजूने ओढली जातात. आणि सायकलस्वार नेमका तेथेच, चालकाला आरशातही न दिसणाऱ्या जागी, उभा असतो. चेपलेले कोन पाहून गटातील एका तरुण सदस्याचा चेहरा उतरला, परंतु माझ्या दृष्टीने त्या सकाळची सर्वांत मोलाची नोंद तीच होती. कड ५ मीटरचीच ठेवावी, मात्र तिच्या आतल्या अंगाला खडबडीत दगडांची, किंचित उंच अशी पट्टी द्यावी, जिच्यावर टँकरचे चाक चढू शकेल पण मोटारचालकाला जाणे नकोसे वाटेल, ही दुरुस्ती तेथेच आराखड्यात आली. मोटारींचा वळण्याचा वेग एव्हाना ताशी १५ किलोमीटरच्या खाली आलेला होता, तोही गतिरोधकाशिवाय.

त्यानंतर शाळा भरायची वेळ झाली आणि आमच्या चंद्रकोरीचे काय होते ते कळले. मुलांना सोडायला आलेल्या पालकांच्या स्कूटर कोनांच्या मधून आत शिरल्या आणि काही मिनिटांत ती सगळी जागा भरून गेली. “दोनच मिनिटं हं,” असे प्रत्येकजण म्हणत होता, आणि प्रत्येकाचे ते खरेही होते. पण एकाची दोन मिनिटे संपेपर्यंत मागे चौघे उभे असत. सायकलवरून येणारी मुले पुन्हा रस्त्याच्या मध्यावर ढकलली गेली. वाहतूक पोलीस शिट्टी वाजवून थकले. पालकांना दोष देण्यात अर्थ नव्हता, कारण मुलांना सायकलवर पाठवायला आपण घाबरतो असे त्यांतील बहुतेक सांगत होते, आणि त्यांच्या भीतीचे एक कारण त्यांच्यासारख्याच इतर पालकांच्या स्कूटर हे होते.

घरी जाण्यापूर्वी उपअभियंता, पोलीस आणि गटाचे प्रतिनिधी यांची बैठक शाळेच्या ओसरीवर झाली. उपअभियंत्यांनी सुरुवातीलाच सांगितले की, जे काही करायचे ते रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मानकांत बसवून, सही केलेल्या नकाशासह द्या. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९८-अ मुळे रस्त्याच्या सदोष रचनेची जबाबदारी आता अभियंता, सल्लागार आणि ठेकेदार यांच्यावरही येऊ शकते. त्या कलमाचा धाक साधारणपणे नवे काही न करण्याचे कारण म्हणून पुढे केला जातो; येथे मी तो उलट बाजूने मांडला. पदपथावर १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि कर्बची उंची १५० मिलिमीटरहून अधिक नको, असे मानक सांगते. आजचा कोपरा यांतील एकाही अटीत बसत नव्हता, म्हणजे जोखीम तो आहे तसा ठेवण्यातच होती. यावर ते हसले आणि नकाशा लवकर पाठवा म्हणाले.

रंगाच्या पट्ट्यावरून गटात मात्र फूट पडली. काहींना ५ लाखांचे काम हातचे जाऊ द्यायचे नव्हते. कोपरा बांधायचा तर तो रस्त्याच्या पुनर्डांबरीकरणाच्या निविदेत घालावा लागणार आणि त्याला एक पावसाळा तरी जाणार, हे उघड होते. दीर्घ चर्चेनंतर पट्टा बाजूला ठेवण्याचे ठरले, तेही एकमताने नव्हे.

कोपरा आता बांधून झाला आहे. टँकरसाठीची पट्टी दगडांऐवजी पेव्हर ब्लॉकची झाली आणि ते ब्लॉक लवकरच खिळखिळे होतील, अशी माझी खात्री आहे. बोलार्ड, म्हणजे वाहने अडवणारे बुटके खांब, बसवले त्यांतील अंतर १.२ मीटर ठेवले, कारण चाकाची खुर्ची आणि भाजीवाल्याची तीनचाकी सायकल आत जायला हवी. मग त्यातून स्कूटरही जाते. चाकाच्या खुर्चीला पुरेल आणि दुचाकीला पुरणार नाही असे अंतर नसते, म्हणून बोलार्ड मोटारी थांबवतात आणि स्कूटरसाठी शाळेने सकाळी वॉर्डन उभा केला आहे. सुटीवर गेला की त्याची जागा भरायची कोणी, यावर अजून निर्णय झालेला नाही.

यंदा गटाने जो अर्ज भरला आहे त्यात रंगाचा उल्लेख नाही. शाळेच्या रस्त्यासमोर दुभाजकात पादचारी आणि सायकलींपुरती वाट ठेवावी आणि तेथपर्यंतचा एका बाजूचा मार्ग दुहेरी करावा, अशी मागणी आहे, आणि सह्यांमध्ये आसपासच्या सोसायट्यांच्या सुरक्षारक्षकांच्या सह्याही आहेत. वाहतूक शाखेने त्यासाठी सकाळ-संध्याकाळची नवी मोजणी मागितली आहे. रात्रपाळी सुटण्याची वेळ त्यात धरावी, असे आम्ही लेखी कळवले आहे.