आधी सावली मोजली, मग वाफे पाडले

कराडला आमचं घर गावाच्या कडेला आहे. घरामागं पंधरा फूट रुंद आणि पंचवीस फूट लांब जागा आहे. बांधकाम संपल्यापासून तिथं खडी, विटांचे तुकडे आणि गवत एवढंच होतं. चारी बाजूंना कृष्णाकाठची काळी जमीन, आणि आम्ही मेथीची जुडीसुद्धा मंडईतून आणायचो. हे मला मनापासून खटकायचं. म्हणून गेल्या वर्षीच्या दसऱ्याच्या सुमाराला परसबाग उभी करायचीच, असं बरंच आधी ठरवलं होतं.

बियाणं आणायच्या आधी मी सावली मोजली, आणि मला वाटतं सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला. आमचं परस घराच्या उत्तरेला आहे. डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सूर्य इथं दक्षिणेकडं कललेला असतो, क्षितिजापासून साधारण 49 अंशांवर. त्यामुळं दहा फूट उंचीच्या भिंतीची सावली बाराच्या उन्हातही साडेआठ फूट लांब पडते. आधीच्या हिवाळ्यात मी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीनला सावलीच्या कडेवर रांगोळीनं खुणा केल्या होत्या. त्या खुणांवरूनच वाफे ठरले. वांगी, टोमॅटो, मिरची यांना रोज किमान सहा तास ऊन लागतं, म्हणून ती लांबच्या टोकाला. पालक, कोथिंबीर, मेथी कमी उन्हावर भागवून घेतात, म्हणून त्यांचा पट्टा भिंतीकडं. वेलांचा मांडव अगदी उत्तरेच्या कुंपणाला लावला, म्हणजे त्याची सावली दुसऱ्या कशावर पडत नाही. मोरीच्या तोंडाशी अळू. तिथं तांदूळ आणि भाज्या धुतलेलं पाणी जातं, साबणाचं पाणी वेगळ्या नळीनं बाहेर काढलंय.

मग माती. वरची फूटभर खणून खडी वेचली, चुना-सिमेंटचे गोळे बाजूला केले आणि चुलतसासऱ्यांच्या शेतातली माती आणून टाकली. शेणखताच्या बाबतीत मात्र मी फार काटेकोर आहे. हातात घेतल्यावर ते भुसभुशीत आणि गार लागलं पाहिजे, शेणाचा वास येता कामा नये. अर्धकच्च्या खतातून हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते, आणि आमच्या ऊसपट्ट्यात हुमणी काय करते हे कुणाला सांगायला नको.

परतीचा पाऊस लांबला. माती तयार होती, रोपं तयार होती, मला घाई झाली होती. आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, हातातलं खुरपं काढून घेतलं. "अगं, वापसा येऊ दे. चिखलात पाय घातलास तर मातीच्या विटा होतील." त्यांनी मूठभर माती उचलली, लाडूसारखी वळली आणि कमरेच्या उंचीवरून सोडली. गोळा तसाच थपकन बसला. "बघ, अजून नाही." दोन-तीन दिवस कडक ऊन पडल्यावर त्यांनी परत मला बोलावलं. या वेळी गोळा पडताच फुटून विखुरला. "हां, आता घाल कुदळ." वापसा म्हणजे जादा ओल जाऊन माती खणण्याजोगी होणं, आणि काळ्या जमिनीत ही परीक्षा फार मोलाची आहे. ओलीत खणलं तर ढेकळं वाळून दगड होतात, आणि फार वाळू दिलं तर भेगा पडतात आणि कुदळ आत शिरत नाही.

पालेभाज्यांसाठी सपाट वाफे केले, फळभाज्यांसाठी सरी-वरंबे. वांग्याला दोन्ही बाजूंनी दोन-दोन फूट मोकळे सोडले. लहान रोपांमधली ती जागा रिकामी दिसते आणि हात शिवशिवतात, पण तिथं मुळा पेरला तर तो दीड महिन्यात निघून जातो आणि तोवर वांगं पसरायला लागतं. वांगी-टोमॅटोची रोपं गणपतीच्या सुमारालाच कुंडीत टाकली होती, कारण लावणीला ती महिना-सव्वा महिन्याची असावी लागतात.

धणे पाटावर चपलेनं हलकेच रगडून दोन भाग करायचे, ही आत्यांचीच शिकवण. अख्खा धणा म्हणजे दोन बिया, त्या सुट्या झाल्या की उगवण चांगली होते. तरी कोथिंबीर आठ-दहा दिवस काही दाखवत नाही, धीर धरावा लागतो. मेथी मात्र तीन-चार दिवसांत वर येते. आणि सगळी मेथी एकदम पेरायची नाही. हातभर रुंदीची पट्टी या आठवड्यात, शेजारची पुढच्या आठवड्यात. लहान परसात टप्प्यानं पेरलं तरच रोज ताटात काहीतरी येतं. नाहीतर एका आठवड्यात शेजाऱ्यांना वाटून वाटून दमायचं आणि पुढच्या आठवड्यात परत मंडई.

बियांबद्दल थोडं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हापासून देशी वाणांबद्दल माझं कुतूहल वाढलं. आमच्या आत्यांच्या माहेरून आलेला पावटा आणि काटेरी वांगं मी मुद्दाम लावलं. पावटा, घेवडा, टोमॅटो यांचं परागीभवन बहुतेक आपल्या फुलातच होतं, त्यामुळं घरचं बी धरलं तरी वाण फारसं बिघडत नाही. दोडका, काकडी, भोपळा यांचं तसं नाही. मधमाशी शेजारच्या वेलावरून पराग आणते आणि पुढच्या वर्षी काय उगवेल याचा भरवसा राहत नाही. संकरित बियाणं असेल तर त्याचं बी धरण्यात अर्थच नाही.

किडीचा पहिला फटका वांग्याला बसला. सकाळी बघते तर बाकी झाड टवटवीत आणि एकच शेंडा मान टाकून. तो शेंडा चिरला तर आत पोखरलेली वाट आणि तिच्या टोकाला फिकट गुलाबी अळी. असे शेंडे दिसताक्षणी वीतभर खालून कापायचे आणि जाळून टाकायचे, परसातल्या परसात फेकायचे नाहीत. मावा आणि पांढऱ्या माशीसाठी पाच टक्के निंबोळी अर्क वापरला: लिटरभर पाण्याला 50 ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर भिजवायची, फडक्यानं गाळायची, चिमूटभर साबणचुरा घालून संध्याकाळी फवारायची. पानांच्या खालच्या बाजूला फवारा पोचला नाही तर सगळी मेहनत वाया, कारण किडी तिथंच बसतात. कडेनं झेंडूही लावलाय, तो मुळांवरच्या सूत्रकृमींना आवर घालतो.

पौषात आमच्या घरच्या वांग्यांचं भरीत झालं. कृष्णाकाठच्या वांग्याची चव आम्हाला नवी नाही, पण सकाळी तोडून दुपारी निखाऱ्यावर भाजलेलं वांगं खाताना घरात सगळे गप्प जेवले आणि आत्यांनी दुसरी भाकरी मागून घेतली. मला त्या दिवशी फार आनंद झाला.

आता फेब्रुवारीत भेंडी आणि गवार पेरायची आहे. भेंडीसाठी परभणी क्रांती आणलीय, कारण आमच्या भागात केवडा, म्हणजे भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडण्याचा रोग, फार येतो आणि हे वाण त्याला बऱ्यापैकी तोंड देतं. सूर्य वर सरकू लागल्यानं भिंतीची सावली आखडते आहे, त्यामुळं पालकाच्या पट्ट्यातही आता भरपूर ऊन येईल. गवार तिथंच पेरणार. वरून उसाच्या पाचटाचं आच्छादन टाकायचं, म्हणजे उन्हाळ्यात पाणी एक दिवसाआड दिलं तरी पुरेल.